विटेसारखा पारखलेला रेडिओ

मुकादमांच्या मते जगात पारखायच्या गोष्टी दोनच, वीट आणि माणूस. आणि दोन्हींत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. माणसांच्या बाबतीत आपण गप्प बसू. विटेच्या बाबतीत मात्र ते खरं होतं. नखाने ओरखडा उठला, नापास. दोन विटा एकमेकींवर आपटल्या आणि खणखणीत वाजल्या नाहीत, नापास. छातीच्या उंचीवरून टाकली आणि तुकडे झाले किंवा पाण्यात ठेवली आणि घटाघटा पाणी प्यायली, तर ट्रकसकट परत.

त्यामुळे साइटसाठी नवा रेडिओ आणायचं ठरलं, तेव्हा त्यांनी घरी जाहीर केलं, "पाच मिनिटांचं काम आहे. वस्तू हातात आली की मला कळतं."

"अहो, पण दुकानात एकदा लावून ऐका," बायको म्हणाली.

मुकादमांनी कच्च्या विटेकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

एवढी घाई होती ती ओळंब्यामुळे. ओळंबा म्हणजे प्लास्टरचा गवंडी. अंगाने बारीक, उभा राहिला की ताठ, आणि तोंडातून शब्द नाही. म्हणून भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरीला टांगलेल्या वजनाचं नाव त्याला पडलं होतं. जिन्याचं प्लास्टर करावं तर त्यानेच. शनिवारी मालकीणबाई नेमका जिनाच बघायला येणार होत्या, आणि जिना आवडला तरच मागच्या इमारतीचं काम मुकादमांना मिळणार होतं. अशात सोमवारी साइटचा जुना रेडिओ मिक्सरमध्ये पडला. तो मिक्सरच्या कडेवर कोणी ठेवला होता, हे मुकादम सोडून सगळ्यांना आठवत होतं.

मंगळवारी ओळंबा म्हणाला, "पायाखालचा डबा डुगडुगतो. कानाला गाणं नाही. असं काम होत नाही. समोरच्या साइटवर मला बोलावतायत."

वर्षभर पुरणारी चार वाक्यं त्याने एका दमात खर्च केली. त्यातलं गाण्याचं वाक्य मुकादमांच्या मनाला लागलं, आणि तेवढंच लक्षात राहिलं.

दुकानदार तसा सज्जन होता. त्याने काउंटरवर तीन रेडिओ मांडले. पहिल्याला मुकादमांनी नख लावलं, चकचकीत रंगावर रेघ उठली, तो बाद. दुसरा चंदेरी, लांब एरियलचा. तो त्यांनी छातीच्या उंचीवरून सोडून दिला. मागचं झाकण एकीकडे गेलं, सेल काउंटरखाली घरंगळले, आणि दुकानदार सज्जनपणा सोडून बाहेर आला. हा आता तुम्हालाच न्यावा लागेल, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मुकादमांनी मान डोलावली. नमुना फुटला तर तो आपला, हा त्यांच्याही धंद्यातला नियम होता.

तिसरा पिवळा, ठोकळ्यासारखा, चारी कोपऱ्यांना जाड रबर लावलेला. तो खाली टाकला तर उसळून दुकानदाराच्या पायावर बसला. फरशी पुसायच्या बादलीत बुडवला, तर थेंब आत गेला नाही. बाहेर काही लोंबत नव्हतं, एरियलसुद्धा नाही. म्हणजे तुटायला काही नाही, असं मुकादमांनी दुकानदाराला समजावून सांगितलं. शेवटी दोन्ही पाय ठेवून ते त्याच्यावर उभे राहिले आणि जरा डोलून पाहिलं.

"लावून दाखवू का?" दुकानदाराने पाय चोळत विचारलं.

"आवाज काय, सगळ्याच रेडिओंना असतो," मुकादम वरून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावर सगळी साइट जमली. मुकादमांनी रेडिओ मधोमध ठेवला, त्याचे गुण सांगितले आणि बटण दाबलं. खर्रर्र. त्यांनी चकती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, तर तेच खर्रर्र, फक्त कमीजास्त.

वायरमनने रेडिओ उचलून चारी बाजूंनी पाहिला. "मुकादम, याचं एरियल कुठाय?"

"नाही. तोच तर त्याचा गुण आहे."

वायरमनने शांतपणे सांगितलं, की चारी बाजूंनी काँक्रीट, डोक्यावर तीन स्लॅब, सगळीकडे सळया; इथे काही लागणार नाही. जुन्या रेडिओची वायर बाहेर परांचीला बांधलेली असायची. याला वायर बांधायची तर बांधणार कुठे?

मग वरात निघाली. पहिल्या मजल्यावर खर्रर्र, दुसऱ्यावर खर्रर्र. गच्चीवर, टाकीच्या कडेला, रेडिओ डोक्यावर धरला तर एक गृहस्थ मधमाश्या पाळण्याविषयी बोलताना ऐकू आले. या सगळ्यात खाली कालवलेला माल घट्ट होत चालला होता, आणि ओळंब्याने थापी पुसून पिशवीत ठेवली होती. ते पाहून मुकादमांना खरोखर वाईट वाटलं. जिना तर गेलाच, पण पारखही गेली, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी रेडिओ वळणावर परत ठेवला आणि शेवटचं म्हणून बटण दाबलं. आणि गाणं लागलं. स्वच्छ, मोठ्याने, तबल्यासकट.

"बघा," मुकादम म्हणाले. त्यांची छाती एकदम पूर्ववत झाली. "चांगल्या वस्तूला जरा वेळ द्यावा लागतो. आवाज कमी करू का, ओळंबा?"

त्यांनी आवाजाची चकती फिरवली. आवाज कमी झाला नाही. उलट गाणं मध्येच थांबलं आणि खणखणीत आवाज आला, "चला रे, वाळूची गाडी आली, उतरवून घ्या."

तो समोरच्या साइटच्या मुकादमाचा होता. गाणंही तिथलंच, जिन्याच्या उघड्या खिडकीतून आत आलेलं; मुकादमांच्या बटणाने रेडिओ बंदच झाला होता. वायरमन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

ओळंबा पुढे आला. त्याने पिवळा रेडिओ उचलला, तेव्हा आता हा खिडकीतून जाणार असं मुकादमांनी धरूनच ठेवलं. पण ओळंब्याने डुगडुगणारा डबा पायाने बाजूला सारला, त्या जागी रेडिओ पालथा ठेवला, त्याच्यावर चढला आणि मुकादमांसारखंच जरा डोलून पाहिलं. मग पिशवीतून थापी काढली.

"गाणं लांबूनच बरं," तो म्हणाला. "कानाशी असलं की थापी ऐकू येत नाही. तिकडे नाही जात मी. नवा माल कालवा."

दुपारी बायकोचा फोन आला. तिच्या मागे मोठ्याने गाणं चाललं होतं.

"तुम्ही आणलेल्या त्या फुटक्या रेडिओचं झाकण मी नाड्याने बांधलं," ती म्हणाली. "छान लागतोय. तुमचा कसा आहे?"

मुकादमांनी जिन्याकडे पाहिलं. कोपरा दोरीसारखा सरळ उतरत होता.

"आमचा?" ते म्हणाले. "ओळंब्याला तर इतका आवडलाय, सकाळपासून त्याच्यावरून खाली उतरला नाही."