ठेवणीतला टायर

अंगणात उकिडवं बसून हर्षा गाडीच्या पुढच्या टायरला रुपयाचं नाणं लावून पाहत होती. टायरच्या खाचेत नाणं उभं घालायचं, किती बुडतं ते पाहायचं, असं तिने वाचलं होतं. नाणं बुडायला आधी खाच लागते. इथे खाचच नव्हती. नाणं टायरवरून घरंगळलं आणि थेट दीड वर्षाच्या लेकीच्या, टीनाच्या पायाशी जाऊन थांबलं. टीनाने ते तोंडात घातलं, हर्षाने काढलं, आणि एवढ्यात नवरा, गोवर्धन, चाव्या फिरवत बाहेर आला.

"टायरची पूजा दसऱ्याले झाली ना? आता काऊन करून राहिली?"

"नक्षी पाहते आहे. तीन टायर घासून गोटा झालेत, चौथा गोटा व्हायचा आहे."

"रेसच्या गाडीले तर नक्षीच नसते. गुळगुळीत टायर असते. तू बी.एस्सी. ना?"

या माणसाने जन्मात कुडवा ते गोंदिया ही हाकेच्या अंतरावरची एकच रेस पाहिली होती, तीही दूधवाल्याशी. हर्षाने नाणं पुसून ठेवलं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि बी.एस्सी. हा शब्द या घरात पदवी म्हणून कमी आणि आजार म्हणून जास्त वापरला जाई.

गोवर्धनची टायर तपासायची स्वतःची पद्धत होती. तो टायरला लाथ मारी. लाथ मारून मान हलवली की टायर चांगला, ओठ वाकडा केला की हवा कमी. दसऱ्याला चारी चाकांना हळद-कुंकू लागलं होतं, चाकाखाली चार लिंबं चिरडली होती, बोनेटला झेंडूचा हार होता. गाडी देवाच्या हवाली केल्यावर माणसाने पुन्हा तिच्याकडे पाहणं म्हणजे देवावर अविश्वास, असं त्याचं सरळ गणित होतं.

तरी दिवाळीच्या आधी महिनाभर रोज तेच ऐकवून हर्षाने एक नवा टायर घ्यायला लावलाच होता. आणि तो टायर चाकाला लागलाच नाही. डिक्कीत गेला.

"रोज वापरला तर घासून नाही जाणार?" गोवर्धन तेव्हा म्हणाला होता. "चांगली वस्तू ठेवणीत ठेवावं लागते."

हे घराण्यातच होतं. सासूबाईंची पैठणी पेटीत पिवळी पडली होती, काचेचा सेट पाहुण्यांच्या आशेवर कपाटात म्हातारा झाला होता, आणि गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक घेतल्यापासून निघालं नव्हतं. त्याच न्यायाने नवा टायर अंधारात आराम करत होता आणि लेकरू गोट्यांवर फिरत होतं.

आज आमगावजवळ, हर्षाच्या सासू-सासऱ्यांच्या गावी, मंडई होती. दिवाळीनंतरची ही जत्रा चुकवणं म्हणजे या भागात गुन्हाच. गोवर्धनने चारी टायरांना लाथा मारल्या आणि डाव्या पुढच्याला ओठ वाकडा केला. वाटेत बिसरामच्या पंक्चरच्या दुकानावर गाडी थांबली.

"कितना मारू भैया?"

"कडक मार. पन्नास."

"गाडीच्या दारावर तेहतीस लिहिलं आहे," हर्षा मागच्या सीटवरून म्हणाली.

"लिहिणारा गोंदियाले आला होता काय? इथचे रस्ते त्याले माहीत हायेत?"

बिसराम हसला. पुरुष हसले की बाईने गप्प बसायचं असतं. पण गाडी सुटताच हर्षा म्हणाली, "चाळीसच्या वर नेली तर मी टीनाला घेऊन उतरते. मग एकटेच जा मंडईला, आणि आईंनी नात कुठे विचारलं तर तुम्हीच सांगा."

ही धमकी चालली, कारण आईला, सुशिलाबाईंना, उत्तर द्यायची गोवर्धनची छाती नव्हती. गाडी चाळीसने निघाली. सायकली सोडून सगळ्यांनी तिला मागे टाकलं. एका ट्रॅक्टरने मागे टाकलं तेव्हा गोवर्धनने आरशात बायकोकडे असं पाहिलं, की इज्जत गेली ती हिच्यापायी.

आमगावच्या अलीकडे रस्त्यात एक खड्डा होता. खड्डा फार मोठा नव्हता. पण कडक फुगलेल्या गोट्या टायरला तेवढा पुरला. फाटकन आवाज झाला, स्टेअरिंगने गोवर्धनचं ऐकणं सोडलं आणि गाडी डावीकडे ओढत ओढत एका धानाच्या बांधाला नाक टेकून उभी राहिली. टीनाने टाळ्या वाजवल्या. हर्षाने तिचे हात, पाय, डोकं, पुन्हा हात तपासले. सगळं जागेवर होतं. 

"पाहिला माझा ब्रेक?" गोवर्धन म्हणाला. त्याच्याही कपाळावर घाम होता, पण तो त्याने रुमालाने असा पुसला, जणू ऊन लागलं. "दुसरा असता तर गाडी उलटी केली असती."

"सत्तरला असती तर तुम्हीही केली असती. स्टेपनी काढा."

गोवर्धन डिक्कीकडे गेला आणि तिथेच घुटमळला. हर्षा टीनाला कडेवर घेऊन मागे आली. तिने स्वतःच डिक्कीतला गालिचा उचलला. टायरच्या गोल खोबणीत, मापाने घडवल्यासारखं, एक लाल कोहळं बसलं होतं.

"हे काय आहे?"

"कोहळं."

"ते दिसतं आहे. टायर कुठे आहे?"

"जागा रिकामी होती, म्हून मायनं दिवाळीले कोहळं देलं होतं. मी काढाचं विसरलो."

"जागा रिकामी का होती?"

गोवर्धनने बांधापलीकडे पाहिलं. "बाबानं मांगतला. पुंजण्यावरची ताडपत्री उडून राहिली होती. नवा टायर, रिमसकट वजनदार. डिक्कीत पडूनच तर होता."

म्हणजे महिनाभर भांडून आणलेला टायर कापलेल्या धानाच्या ढिगावर बसला होता. नात गोट्यांवर आणि धान नव्या टायरखाली. 

गोवर्धनने बापाला फोन लावला. केशोरावांचा आवाज फोनबाहेरही स्वच्छ येत होता.

"टायर आणू? मंग ताडपत्रीवर काय ठेवू, तुले ठेवू?"

"बाबा, टीना उनात उभी हाय."

"मंग पोरगीचं नाव आधी सांगाचं ना बे."

अर्ध्या तासात केशोराव मोटारसायकलच्या मागे टायर दोराने बांधून आले. गोवर्धनने डिक्कीतून कोहळं उचलून मागच्या चाकामागे जमिनीवर ठेवलं आणि जॅक काढला.

"आधी हॅन्डब्रेक ओढा. चाकाला दगड लावा," हर्षा म्हणाली.

"मले शिकवू नको. या हातानं किती टायर बदलवले मी."

हॅन्डब्रेक कुणी ओढला नव्हता. जॅकने पुढचं चाक जेमतेम उचललं, तोच गाडी त्याच्यावरून सटकली, मागे सरकली आणि कोहळ्यावरून गेली. बियांचा सडा पडला.

"चाला," केशोराव शांतपणे म्हणाले, "लिंबू लहान पडलं होतं गाडीले."

मग हर्षाने टीनाला आजोबांच्या हातात दिलं, हॅन्डब्रेक ओढला, मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले आणि बाजूला उभी राहिली. मग गोवर्धनच्या हातून टायर दहा मिनिटांत बसला. गावात गेल्यावर हे काम कुणाच्या नावावर जमा होणार हे तिला ठाऊक होतं.

गावात पोचले तर मंडईचे पाळणे फिरत होते आणि सुशिलाबाई शेतात बोंबलत होत्या. टायर काढल्याबरोबर ताडपत्री वाऱ्याने उलटी झाली होती आणि शेजारच्या ईश्वरदासच्या दोन गाई पुंजण्यात तोंड घालून मंडई साजरी करत होत्या. सुशिलाबाईंनी गाई हाकलल्या आणि मोर्चा सुनेकडे वळवला.

"तुया टायर टायरपायी धान गेलं बाई. एवढी भेवता काऊन तुमी शिकलेल्या? आमी बैलगाडीत लेकरं वाढवली. तिले कुठं होते टायर?"

हर्षाच्या जिभेवर उत्तर होतं. बैलगाडी सत्तरने जात नव्हती, हे उत्तर. पण तिने ते गिळलं. महिनाभर ती नक्षी, पकड, ब्रेक, लेकराचा जीव असं सगळं सांगत होती आणि ते इथे कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. तिने पुंजण्याकडे पाहिलं. ताडपत्रीचे कोपरे मोजले.

"खरं आहे आई," ती म्हणाली. "चूक एकाच टायरची आहे. एका टायरने कुठे ताडपत्री राहते? कोपरे तर चार आहेत."

सुशिलाबाई थांबल्या. केशोरावांनी कोपऱ्यांकडे पाहिलं.

"ढग पण येऊन राहिले," हर्षा पुढे म्हणाली. "धान भिजलं तर काय राहील? यांच्या गाडीचा फुटका एक आहे आणि जुने तीन. माती भरली की बरोब्बर चार. पण यांना ते काढायचे नाहीत ना."

"काऊन नाही काढाचे?" सुशिलाबाई लेकाकडे वळल्या. "बापाचं धान सडलं पायजे काय?"

"माय, पण ते अजून चालतात..."

"चालतात त इथं चालव ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी गोवर्धन आमगावात टायरवाल्याच्या दारात उभा होता. दुपारपर्यंत गाडीखाली चारी नवे, डिक्कीत पाचवा नवा आणि दारावर लिहिलेली तेहतीस हवा. तेहतीसच भरा, हे हर्षाने दुकानदाराला दोनदा सांगितलं. गोवर्धन मध्ये बोलला नाही, कारण शेजारी माय उभी होती.

निघायच्या आधी सगळे शेतात गेले. ताडपत्री चारी कोपऱ्यांनी गच्च बसली होती. केशोरावांनी एका गोट्या टायरला लाथ मारली आणि मान हलवली. लाथ घराण्यातलीच होती.

"गोवर्धना, फुकटच काढले. अजून दहा वर्स काई होत नाही याइले."

गोवर्धनने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

"नाही होत मामाजी," टीनाला कडेवर सावरत हर्षा म्हणाली. "पुंजणं कुठे जाणार आहे?"