हौसाबाईचा सरकता बांध

हौसाबाई दगड उचलण्यापूर्वी त्याची कानउघाडणी करते. "किती पोरींच्या नडग्या फोडल्यास रं? चल, ऊठ," असे म्हणून ती त्याला छातीशी धरते, मैदानाच्या कडेला नेते आणि खाली ठेवताना बजावते, "आता हितनं हलायचं न्हाई." आमच्या शाळेमागच्या जागेत हे संभाषण पावसाळा संपल्यापासून रोज भर दुपारी चालत असे. दगडाने उलट उत्तर दिल्याचे मी ऐकलेले नाही. पण ती क्षणभर थांबत असे खरी, जणू त्याचीही बाजू ऐकून घ्यावी.

या बाईविषयी गावात जे सांगितले जाते त्यातले बरेचसे खोटे आहे. ती रात्री कंदील घेऊन दगड हलवत होती, असे पारावरचे लोक सांगतात. तिच्या अंगात येत होते, असे पिठाच्या गिरणीत सांगतात. आंबेगाव तालुक्यातल्या, कालव्याकाठच्या या गावात मी आयुष्यभर मराठी शिकवले आहे आणि माझ्या ओसरीवरून शाळेची दोन्ही मैदाने स्वच्छ दिसतात. ज्यांच्या ओसरीवरून शाळेची भिंतसुद्धा दिसत नाही, त्यांनी मला हा इतिहास सांगू नये.

दोन मैदाने म्हटले की ती सारखी असतील असा वाचकाचा समज होईल, म्हणून आधी तो दूर करतो. मुलांचे मैदान क्रिकेटचे. त्याला रोलर आहे, चटई आहे, जाळी आहे, बसायला पत्र्याची शेड आहे आणि शेडजवळ पाण्याचा नळ आहे. त्याला लागून ओढ्याकडे उतरत गेलेला जो माळ आहे, तो मुलींना सॉफ्टबॉलसाठी दिलेला. तिथे दगड आणि सराट्याचे काटे. बेस म्हणून मातीने भरलेल्या खताच्या गोण्या. फलंदाजामागे उभ्या राहणाऱ्या मुलीने तोंडावर जाळीचा मुखवटा घालायचा असतो म्हणे. आमच्याकडे ती खेळ शिकवणाऱ्या बाईंचे स्कूटरचे हेल्मेट घालत असे. हातमोजे इतके कमी, की एक संघ खेळून आला की ते दुसऱ्या संघाच्या हातात द्यायचे. कपडे बदलायला प्रयोगशाळेमागचा कोपरा आणि दोघींनी ताणून धरलेली ओढणी. चेंडू जोरात मारावा तर तो ओढ्यात, हळू मारावा तर दगडावर आपटून कुणाच्या तरी हनुवटीवर. कर्णधार अश्विनीच्या हनुवटीवर त्याची खूण आजही आहे. ही मुलगी डिंभ्याहून येते. बस आली तर बसने, न आली तर मासळीच्या टेम्पोत पुढे बसून.

हौसाबाईचा या खेळाशी संबंध काय, हे कोडे मला पहिल्या दिवसापासून होते. तिला मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. खेळ तर तिला ओ की ठो कळत नाही. मुलगी पळत सुटली की ही ओरडणार, "पळ गं, पळ!" मग ती मुलगी आपल्या संघाची असो वा पाहुण्यांची. मी एकदा विचारले, "हौसाबाई, ती विरुद्ध बाजूची आहे."

"असंना का," ती म्हणाली. "पळती कशी ते बगा की! आमाला कुणी पळू दिलं व्हतं?"

तिचे आवडते वाक्य मात्र वेगळे. ते असे: "वाटणी सारखी पायजे." भजी वाढताना, कालव्याच्या पाण्यावरून, एसटीत सीटवर बसताना, कुठेही ती हे वाक्य म्हणत असे. लोक हसत. मीही हसत असे.

आता मुख्य प्रकरण. हौसाबाईने उचललेल्या दगडांची रांग दोन्ही मैदानांच्या मधोमध रचली आणि पाहता पाहता तिचा गुडघाभर उंचीचा बांध झाला. सर्वांना तो आवडला. क्रिकेटच्या सरांना तर फारच, कारण त्या बाजूची सीमारेषा त्यांना फुकटात आखून मिळाली. बांधाच्या पलीकडे चेंडू गेला की षटकार.

पुढे काही दिवसांनी मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मुलांच्या मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता. शेड उभी राहण्यापूर्वी मुले त्याच्या सावलीत बसत. एका दुपारी मी ओसरीवरून पाहतो तो त्या सावलीत मुली बसलेल्या. पुन्हा चष्मा पुसून पाहिले. कडुनिंब बांधाच्या अलीकडे, मुलींच्या बाजूला आला होता. झाडे चालत नाहीत, एवढे शास्त्र मला येते. तेव्हा जे चालले होते ते दुसरेच काहीतरी असणार.

मी दुपारची झोप सोडून पाळत ठेवली. वर्ग भरलेले असताना हौसाबाई यायची, बांधाच्या मुलींकडच्या बाजूचे दगड काढायची आणि मुलांकडच्या बाजूला लावायची. रोज हातभर. कुणी पाहिले तर पाहू दे, असा तिचा थाट होता. आमच्या भागात नांगराच्या फाळाने शेजाऱ्याचा बांध कोरणे ही काही नवी कला नाही; तिच्यापायी भावाभावांत डोकी फुटली आहेत. प्रत्येक जण पेरणीआधी आपला बांध डोळ्यात तेल घालून पाहून येतो. पण शाळेचा बांध कुणाच्याच बापाचा नसल्यामुळे त्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. मी कुणाला का सांगितले नाही, असे अजूनही काही जण विचारतात. मला कुणी विचारले नव्हते, हे माझे उत्तर आहे, आणि ते पुरेसे आहे.

गंमत पुढेच आहे. बांध जसजसा आत सरकला, तसतसे मुलांचे षटकार वाढले. पूर्वी ज्याच्या बॅटीने धाव निघत नसे तोही षटकार मारू लागला. क्रिकेटचे सर पारावर सांगू लागले, की हा त्यांनी शिकवलेल्या मनगटाच्या व्यायामाचा परिणाम. शाळेच्या अध्यक्षांनी त्यांना शाल-श्रीफळ दिले. भाषणात "आपल्या मातीतले बळ" वगैरे शब्द आले. हौसाबाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

आणि मग मुले जुन्नरला सामना खेळायला गेली. तिथले मैदान पूर्ण आकाराचे. आमच्या एकेका पठ्ठ्याने चेंडू उंच टोलवला, षटकार झाला म्हणून बॅट वर केली, आणि चेंडू सीमेच्या बराच अलीकडे उभ्या असलेल्या मुलाच्या हातात अलगद पडला. सगळे असेच बाद झाले. वारा उलटा होता, असे सर सांगतात. वारा नव्हता. मी पाहायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मैदान मोजायला टेप आली, आणि बांध केवढा सरकला ते उघड झाले. बांधावर अर्धा गाव जमला.

"हौसाआत्या, हे काय केलंत?" अध्यक्ष म्हणाले. "शाळेचा बांध कोरला?"

"कोरला न्हाई, भाऊ. सरकावला. कोरत्यात ते तुमच्या मळ्याशेजारचे."

लोक हसले. अध्यक्षांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा बांधावरून चाललेला दावा सर्वांना ठाऊक आहे.

"आत्या, आमची पोरं तोंडावर पडली तुमच्यामुळं!" क्रिकेटचे सर कळवळून म्हणाले.

"माज्यामुळं? शाल घेताना न्हाई आली व्हय माजी आठवण?"

पुन्हा हशा झाला. पण अध्यक्ष गंभीर होते. पुढच्या महिन्यात मुलींचा तालुक्याचा सामना आमच्याकडे व्हायचा होता आणि तालुक्याचे साहेब त्याआधी मैदान पाहायला येणार होते. बांध मूळ जागी गेला तर मुलींकडे उतारच उरणार. साहेबांनी तो नापास केला की सामना दूर जाणार, आणि डिंभ्याकडचे आईबाप मुलींना तिकडे पाठवणार नाहीत. संघ तिथेच संपणार. हे सर्वांना कळत होते. तरी अध्यक्षांनी आठवडाभरात बांध मागे नेण्याचा हुकूम दिला. वर म्हणाले, "जागा पायजे व्हती तर मागायची, आत्या. कमिटी काय माणसाला खाती का?"

 इथे हौसाबाईने पदर घट्ट केला आणि सरळ घरची वाट धरली. तिला उत्तर सुचले नाही, चोरी कबूल केली, असे लोक म्हणतात. या बाईला उत्तर सुचले नाही, हे मला पटेना. मी मागोमाग गेलो.

ती पायरीवर बसली होती. मी विचारले, "हौसाबाई, तू खरेच कधी मागितले का नाहीस?"

तिने सरकून मला पायरीवर जागा करून दिली. मग म्हणाली, "मास्तर, बेल्ह्याला माजे दोन भाऊ हायेत. वडील गेल्यावर जमिनीची वाटणी झाली. माजा बी हिस्सा निगत व्हता. मी सोडून दिला. समदे म्हणाले, मागितलं की माहेर तुटतं."

"मग? राहिले माहेर?"

"बोलवत न्हाईत." ती हसली. "पर तुटलं असं बी कुणी म्हणालं न्हाई. दिवाळीला मी घर सारवून ठेवते. आला एखादा तर..."

एवढे बोलून ती चूल पेटवायला आत गेली.

आज मुलांचे ते सपाट मैदान मुले आणि मुली दिवस वाटून वापरतात. तालुक्याचा सामना आमच्याकडेच झाला. त्यात आमच्या मुली हरल्या, हे खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. कमिटीने मन मोठे करून आपणहून मैदान दिले, असे अध्यक्ष सांगतात. ते मात्र मी ठामपणे नाकारतो. आपणहून कुणी काही दिलेले नाही. ते कसे मिळाले त्याचा मी साक्षीदार आहे.

बांध मागे नेल्यानंतर अश्विनी आणि तिच्या मैत्रिणी हौसाबाईकडे आल्या. मी तिथेच होतो. अश्विनी म्हणाली, "आत्या, पुन्यांदा रोज थोडा थोडा सरकवू. या टायमाला आमी बी येतो. कुणाला कळणार न्हाई."

"न्हाई," हौसाबाई म्हणाली. "आता मागायचं. तोंडानं, समद्यांसमोर. मैदान मागा, नळ मागा, कपडे बदलाया कडी लागणारी खोली मागा."

"तुमी चला संगं."

"मी गेटापतूर येते."

आणि ती गेटापर्यंतच आली. मुली ऑफिसात गेल्या. हौसाबाई बाहेर गज धरून उभी राहिली. आमच्या मुलांना जुन्नरच्या भर मैदानात तोंडावर पाडणारी बाई, आणि ती गेटाच्या आत पाऊल टाकेना. ऑफिसाची खिडकी मी उभा होतो तिथून दिसत होती, तिला नाही.

"काय चाललंय, मास्तर? वरडले का अध्यक्ष?"

"नाही."

"पोरी रडत्यात?"

"नाही. अश्विनी बोलते आहे. ते ऐकत आहेत."

"ऐकत्यात?"

"आता काहीतरी विचारले त्यांनी. ती पुन्हा बोलते आहे. मोठ्याने बोलते आहे."

"अगं बया, हळू बोल म्हणावं तिला..." असे म्हणता म्हणता ती थांबली. शिपाई हातात ताट घेऊन ऑफिसात शिरत होता. "त्ये काय नेलं आत?"

"चहा."

"कुणाला?"

"मुलींना."

हौसाबाईने माझ्याकडे पाहिले. मी तिची थट्टा करतो आहे की काय, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत असावी.

"मागाया आलेल्याला च्या देत्यात, मास्तर?"

गावातल्या प्रत्येकाचे म्हणणे मी आजवर खोडून काढले आहे. हे एक वाक्य मला खोडता आले नाही, आणि त्याला दुजोराही देता येईना. "देतात," मी शेवटी म्हणालो. "बऱ्याच ठिकाणी देतात."

तिने गजावरचे हात काढले, पदराने कपाळ पुसले, आणि ऑफिसाच्या दाराकडे पाहायचे सोडून रस्त्याकडे पाहत विचारले, "बेल्ह्याला जायाला आता कोन्ती गाडी असती?"