रुमाल टाकलेली सीट

आमच्या शेजारच्या घागनानांच्या फाटकातून आत जायचं तर आधी भाषा सांगावी लागायची. नाना पायरीवर उभे. तोंडात शिट्टी नाही एवढंच, बाकी सगळा थाट एसटी स्टँडवरचा. "कुठली?" ते विचारत. आपण "कन्नड" म्हटलं की मान हलवत आणि बाजूला होत. "चला आत. पण रूट सोडू नका."

हा सगळा बंदोबस्त पाळण्यात पडलेल्या दीड महिन्याच्या रेवासाठी होता. रेवा ही नानांची नात. त्यांची एकुलती एक मुलगी वर्षा पहिल्या बाळंतपणाला बंगळुराहून रत्नागिरीला माहेरी आली होती. चार महिने राहणार आणि मग जावई येऊन मायलेकींना घेऊन जाणार, हे ठरलेलं होतं. तेवढ्या अवधीत नातीला पाच भाषा, वाचन आणि संगीत देऊन रवाना करायचं, असं नानांनी मनाशी पक्कं केलं होतं. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी ऐकलं होतं म्हणे, की बाळाशी एका माणसानं एकाच भाषेत बोलावं. नानांनी त्याचं लगेच परिपत्रक केलं. "एक तोंड, एक रूट."

नाना उभा जन्म रत्नागिरीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. माइकवरचा त्यांचा आवाज ऐकून म्हशीसुद्धा फलाट सोडत. आयुष्यभर माइकवर बोलून बोलून त्यांची घरातली भाषाही तशीच झाली होती. जेवणाला उशीर झाला तर, "भात काही तांत्रिक कारणामुळे उशिरा सुटत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी."

तर रूटवाटप झालं. वर्षाकडे पुस्तकी मराठी. जावयाकडे फोनवरून हिंदी. आमची ही शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून तिच्याकडे इंग्रजी. मी बँकेतला. कधीकाळी धारवाडला तीन वर्षं कॅश काउंटरवर बसलो होतो, तेवढ्या भांडवलावर माझ्या गळ्यात कन्नड पडलं. मी परोपरीनं सांगितलं, की मला काउंटरापुरतंच येतं. नाना म्हणाले, "पोरगी बंगळुरात राहणार. रिक्षावाल्याशी बोलायला नको?" तेव्हापासून रोज सकाळी मी पाळण्यावर वाकून त्या जीवाला "चिल्लर इल्ला" आणि "नाळे बन्नी" ऐकवू लागलो. म्हणजे, सुटे नाहीत, उद्या या. ती माझ्याकडे अगदी खातेदारासारखी बघत राहायची.

मिरकरवाड्याहून मासळी घेऊन येणाऱ्या जैतूनखालाला उर्दू दिलं होतं. ती फाटकातच अडली. "अवो नाना, मी बांगडे विकतंय, शायरी नाय." पण नानांपुढे कुणाचं चाललंय! शेवटी टोपली खाली ठेवून, पदर सावरून ती पाळण्यापाशी जायची आणि गंभीरपणे म्हणायची, "तशरीफ लाइए, बांगडा ताजा है." मग स्वतःच इतकी हसायची की नानांना तिला बाहेर काढावं लागे.

वाचनासाठी नानांनी एसटीच्या पाट्या केल्या होत्या. पुठ्ठ्यावर काळा रंग, वर पांढरी ठसठशीत अक्षरं. पहिली पाटी 'जयगड'. "बघा," ते मला म्हणाले, "चार अक्षरं, काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. मुलांना उगाच अननस कशाला शिकवतात?" 'गणपतीपुळे' तिसऱ्या महिन्यात घ्यायची होती. आणि 'हेदवी'ची पाटी तयार असूनही ती कधी पाळण्यापुढे आली नाही. ती कपाटावर भिंतीकडे तोंड करून असायची.

संगीत त्यांनी स्वतःकडे ठेवलं. जुनी पेटी होती, तिचा एक स्वर दाबला की दाबलेलाच राहायचा. नाना पाळण्यापाशी बसून सारेगम वाजवत आणि गात, पण नातीशी शब्द बोलत नसत. एक तोंड, एक रूट. ती रडली की पट्टी सांगत, "काळी चार. आईवर गेली आहे."

असं दीड-दोन महिने चाललं. एका दुपारी आमची ही रेवाला मांडीवर घेऊन बसली होती. पोर भुकेनं कळवळली, आणि हिच्या तोंडून इंग्रजी कुठलं यायला? "गो बाय माझी ती, भूक लागली गो?"

पेटी थांबली. नाना म्हणाले, "वहिनी, ती गाडी नाही. त्या सीटवर रुमाल टाकलाय."

हिनं पोर वर्षाकडे दिली. कुणाचा रुमाल, हे आम्हाला सांगावं लागलं नाही.

नानांच्या पत्नी, आमच्या शेवंतीकाकी, हेदवीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या. लग्न होऊन रत्नागिरीत आल्या, पण बोली तिकडचीच ठेवली. "आमच्या ह्येंची भाषा इस्त्रीची," त्या म्हणायच्या. "आंगाला टोचते." आमच्या गल्लीत मूल जन्मलं की त्याला तेल लावून न्हाऊ घालायला काकी. न्हाणं झालं की टॉवेलात गुंडाळून, त्याच्या तोंडावर बोट फिरवत म्हणायच्या, "ह्यो डोला आज्याचा, ह्यो डोला आजीचा. नाक कोनाचा गो? नाक शेजारनीचा, वासावर येतंय!" आणि त्या नाकाला हळूच चिमटा. आमचा मुलगा या चिमट्यावर वाढला. गल्लीतल्या प्रत्येक पोराचं नाक शेजारणीचं होतं.

वर्षाला तिसरा महिना असताना काकी गेल्या. नातवंड येणार हे कळलं होतं, तेवढंच. तेल आणून ठेवलं होतं त्यांनी. मला त्या घरात अजूनही त्यांचा आवाज नसण्याची सवय झालेली नाही. मग नानांचं काय होत असेल? एवढ्या भाषांची गर्दी त्यांनी घरात भरली, ती मला वाटतं त्या एका बोलीची शांतता ऐकू येऊ नये म्हणूनच. पण मग पोर तीच एक बोली न ऐकता जाणार, हेही त्यांना दिसत असणार. पेटी वाजवताना मध्येच त्यांचे ओठ हलायचे, आणि पुन्हा सारेगम.

गंमत म्हणजे रुमालाचा नानांना भारी राग. स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. नाना स्वतः आत चढून ते रुमाल गोळा करायचे आणि माइकवर सांगायचे, "रुमाल बसत नाही, माणूस बसतो!" या वाक्यावरून त्यांची कितीतरी भांडणं झाली. एका आमदाराच्या मेहुण्याचा रुमालही त्यांनी परत केला होता.

जावई आले तो दिवस उजाडला. फाटकात गाडी उभी. खासगी गाडीनं जाणार, याचं नानांना दुःख होतंच. "एसटीला निपाणीवरून छान कनेक्शन होतं," ते दोनदा म्हणाले. आम्ही सगळे निरोपाला जमलो. जैतूनखालानं बाळाच्या मुठीला हात लावून "खुदा हाफिज" म्हटलं आणि या वेळी हसली नाही. मला ऐनवेळी धारवाडचं एक वाक्य आठवलं. "होगी बन्नी," मी म्हणालो. जाऊन या.

वर्षा रेवाला घेऊन गाडीत बसली, तशी रेवा मात्र रडायला लागली. नाना आत जाऊन पेटीशी बसले. सारेगम झालं, ती थांबेना. जोरात वाजवलं, ती आणखी जोरात. तो अडकलेला स्वर मध्ये नुसताच हंबरत राहिला.

वर्षा गाडीतून उतरून आत आली. पोर तिनं नानांपुढे धरली. "बाबा, आईसारखं बोला ना तिच्याशी. मला ती बोली धड येत नाही. तुम्हाला येते."

"वर्षा, ती सीट..."

"रुमाल बसत नाही, बाबा," वर्षा म्हणाली. "माणूस बसतो."

नानांनी पेटीचा भाता बंद केला. बाळ घेतलं. ज्या आवाजानं फलाट हलायचे तो खाली आणला. मग अगदी हळू, "ह्यो डोला... आज्याचा," ते म्हणाले. बोट दुसऱ्या डोळ्याकडे गेलं आणि तिथं बराच वेळ थांबलं. "ह्यो डोला आजीचा. नाक कोनाचा गो, बाय?"

आमची ही तिथून उठून मागच्या दारी गेली.

पोर काही जादूनं शांत झाली नाही. रडतच होती. पण नाना आता थांबायला तयार नव्हते. बोलत बोलतच ते तिला घेऊन निघाले, ते सरळ गाडीत मागे बसले. घरातली लुंगी, पायात चपला नाहीत. जावयांनी वर्षाकडे पाहिलं. ती म्हणाली, "चला. हातखंब्याच्या फाट्यापर्यंत येतील." गाडी वळेपर्यंत आतून काकींची बोली ऐकू येत होती, फक्त आवाज जाडा.

दुपार कलल्यावर नाना परत आले. एसटीनं. मी फाटकातच होतो. विचारलं, "बसायला जागा मिळाली ना?"

"न्हाय," नाना म्हणाले. "उभ्यानंच आलो. येक सीट व्हती, पन तिच्यावर रुमाल व्हता."

"मग? उचलला नाहीत?"

नानांनी फाटकाची कडी लावली. पायरीवर बसून तळव्यांची माती झाडली.

"ऱ्हाऊ दिला," ते म्हणाले. "म्हटलं, असंल त्याचा कोन यायचा."