कॅप्टनसाहेबांची टिटवी

टिटवीला मोजता येत नाही, यावर शौनकचा पूर्ण विश्वास होता. नाशिकच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत कॅप्टन विल्मटच्या थडग्यावरच्या खडीत तिने चार अंडी घातली होती. अंड्यांवर बसलेली टिटवी आणि मागे दगडावरचं नाव, एवढा एक फोटो त्याला हवा होता. स्पर्धेची मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती. बक्षिसाचा फोटो लावायला त्याने घरच्या भिंतीत खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

"तिघांनी आडोशात शिरायचं, दोघांनी बाहेर पडायचं. तिला वाटतं, सगळे गेले," त्याने समजावलं.

दुसरे दोघे म्हणजे रामकुंडावर तीस वर्षं दहावे करणारे दिवाकरकाका आणि दफनभूमीचा राखणदार सहादू. तिघे हिरव्या चादरीच्या आडोशात शिरले, दोघे बाहेर पडून कडुनिंबाखाली गेले. टिटवी आडोशावर घिरट्या घालत शौनकच्या नावाने ठणाणा करत राहिली.

"हिला हिशेब येतोय, दादा," सहादू म्हणाला.

चार वाजले. पाच वाजले. काका गंभीर झाले.

"शौन्या, हे मोजण्याचं प्रकरण नाही. पक्षी शिवत नाही म्हणजे इच्छा अडकलीय. दगडावर काय लिहिलंय, वाच बरं."

"काका, हे दहावं नाही! आणि ही टिटवी आहे, कावळा नाही!"

"गोऱ्या माणसाला कावळाच हवा, असं कुठे लिहिलंय? वाच."

शौनकने आडोशातून मुंडकं बाहेर काढून वाचलं. वय चौतीस. घोड्यावरून पडून मृत्यू. मागे शोकाकुल पत्नी.

काकांनी हात जोडले. "साहेब, मडमची काळजी सोडा. आम्ही बघू."

टिटवी आणखी जोरात ओरडली.

"मडमचं नसंल," सहादू पुढे झाला. "सायेब, घोड्याला कुणी काय बोलनार नाय. त्याची चूक नव्हती."

टिटवी खाली उतरली, दोन पावलं अंड्यांकडे चालली आणि पुन्हा उडाली.

"बघा! घोड्याला वळली हुती!"

साडेपाच वाजले. ऊन अजून उघड्या अंड्यांवर होतं. शौनकने अंड्यांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि त्याचा धीर सुटला. कॅमेरा पिशवीत कोंबून, चादर ओढून तो बाहेर आला.

"साहेब, राहू द्या! नाही काढत मी फोटो! शब्द देतो!"

तो कडुनिंबाखाली पोचतो न पोचतो तोच टिटवी उतरली. तिने पंख सावरले, पोटाखाली चारही अंडी घेतली आणि ऐटीत बसली. मागे दगडावरच्या नावावर तिरकं, सोनेरी ऊन पडलं. असा फोटो आयुष्यात एकदाच मिळतो.

शौनकचा हात पिशवीकडे गेला.

"शब्द दिलायस," काका हळूच म्हणाले. "मेलेल्या माणसाला."

"लय वाईट असतंय ते," सहादू म्हणाला.

हात परत आला. तेवढ्यात शेजारी 'खटक्' असा आवाज झाला. दिवाकरकाका जागचे न हलता मोबाइल डोळ्यांसमोर धरून उभे होते.

"काका! शब्द दिलाय ना!"

"तू दिलायस. माझ्याकडे मडमची जबाबदारी आहे, ती वेगळी." काकांनी फोटो बोटांनी मोठा करून समाधानाने पाहिला. "स्पर्धेचा फॉर्म कुठे भरायचा म्हणालास? वीस मिनिटं आहेत अजून."