हवेच्या टाकीत पाणी कुणी घातलं?

खोटं बोलणारा माणूस मला दारातून आत येतानाच कळतो. ही बढाई नाही, मला पगारच त्याचा मिळतो. बावीस वर्षं मी विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतोय, आणि त्यातही खास पाण्याने झालेल्या नुकसानीचे. भिजलेले गालिचे, फुगलेली कपाटं, गंजलेली यंत्रं, सगळं बघून झालंय. ‘पाणी आपोआप आलं’ असं लिहिलेला एकही दावा मी आजवर मंजूर केलेला नाही. पाणी आपोआप येत नसतं. कुणीतरी नळ उघडा टाकतं, कुणीतरी बादली लवंडतं, नाहीतर कुणीतरी मुद्दाम ओततं.

त्यामुळे माझ्या हवेच्या टाकीत पाणी सापडलं, तेव्हा ते कुणीतरी घातलंय हे मला पाच मिनिटांत कळलं. फक्त कुणी, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

टाकी कसली, ते आधी सांगतो. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती महिनाभर माझ्या बहिणीकडे होती. रविवारी ती घरी यायची होती. आमच्या दाराला तीन पायऱ्या. धरायला भक्कम कठडा असेल तर खुशाल चढा, असं डॉक्टरांनी तिला सांगितलेलं. मी म्हटलं, कठडा नसला तरी आम्ही उचलून नेऊ. त्यावर ती फोनवर म्हणाली, “मला चौघांनी उचलायची वेळ अजून यायचीय. माझ्या पायांनी आत येईन, नाहीतर इथेच राहीन.” आणि पुढे, “गज लावू नकोस, तुरुंगासारखे दिसतात. छान पानं काढ.”

कठडा विकत आणता आला असता. पण वेल्डिंग मला येतं, आणि मी नुकताच प्लाझ्मा कटर घेतला होता. वीज आणि जोरात सोडलेली हवा, यांच्या झोतानं लोखंडाचा पत्रा कापणारं यंत्र. सोबतीला कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारा. मी घरात जाहीर केलं, की असा कठडा करतो की लोक पायऱ्या चढायला मुद्दाम येतील. कटरच्या पुस्तिकेत ठळक लिहिलं होतं, ‘हवा स्वच्छ आणि कोरडी हवी’. मी परसात उभं राहून पाहिलं. हवा स्वच्छ होती, आणि कोरडीही दिसत होती. दोन्हींपुढे बरोबरची खूण केली.

आठवड्याची सुट्टी टाकून सोमवारी काम सुरू केलं. पहिलं पान सुरेख निघालं. दुसरं बरं होतं. तिसऱ्याला झोत खोकायला लागला. तडतड, फुरफुर, मध्येच बंद. पानाची कडा बकरीने खाल्ल्यासारखी झाली आणि टॉर्चचं, म्हणजे झोत सोडणाऱ्या मुठीचं, तोंड करपून गेलं. मी टाकीच्या बुडाची चावी उघडली, तर आतून तपकिरी पाणी आलं. कपभर.

हवेच्या टाकीत पाणी! मी चावी बंद केली आणि सवयीने प्रथम साक्षीदार कोण आहेत ते पाहिलं. परसात मी होतो आणि दोरीवर बायकोच्या साड्या होत्या.

“सकाळपासून तू परसात किती वेळा आलीस?” मी स्वयंपाकघरात जाऊन सहज विचारलं.

“का?” बायको म्हणाली.

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर. मी मनात नोंद केली.

“टाकीत पाणी आहे.”

“मग काढून टाका की.”

“ते आलं कुठून, हा मुद्दा आहे.”

“अहो, मी तुमच्या टाकीत पाणी कशाला घालू? मला झाडांना घालायला वेळ होत नाही.”

उत्तर पटण्यासारखं होतं. पटण्यासारखी उत्तरं मला जास्त खटकतात.

मंगळवारी मी ऑफिसातून कागदी सील आणली, पंचनाम्याला वापरतो ती. कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो ती जाळी सोडून प्रत्येक झाकणाला, प्रत्येक जोडाला एक एक चिकटवलं, वर सही केली, तारीख घातली. जाळीवर दुपारभर स्वतः नजर ठेवली. संध्याकाळी चावी उघडली, तर पुन्हा कपभर पाणी. सील एकही तुटलेलं नाही. म्हणजे गुन्हेगार साधासुधा नव्हता. हात बसलेला होता.

आणि तेवढ्यात कुंपणावरून डोकं वर आलं. शेजारच्या काकांचं. निवृत्त माणूस, दिवसभर हातात बागेची नळी. कॉम्प्रेसरच्या आवाजाने दुपारची झोप मोडते, अशी तक्रार त्यांनी आदल्या आठवड्यात केली होती.

“काय साहेब,” काका म्हणाले, “टाकीत पाणी येतंय ना?”

मी ताठ झालो. मी बायकोशिवाय कुणाला एक अक्षर बोललो नव्हतो.

“तुम्हाला कसं कळलं?”

“आवाजावरून. आणि यायचंच. मी म्हणतो, तुम्ही जर—”

“काल दुपारी बारा ते दोन तुम्ही कुठे होता?”

काकांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या नळीकडे बघितलं आणि डोकं खाली घेतलं. बावीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ कबुलीजबाब मला मिळाला नव्हता. हेतू होता, साधन होतं, आणि गुन्ह्याची माहिती मी तोंड उघडायच्या आधीच होती.

बुधवारी मी कॉम्प्रेसर सुरक्षित जागी हलवला. आमची कपडे धुवायची खोली लहान, एकच खिडकी, दाराला कुलूप. आत वॉशिंग मशीन, पाणी तापवायचा बंब, आणि वर ताणलेल्या दोऱ्यांवर नुकतेच पिळून टाकलेले कपडे. कपडे काढायला बायको आली तर मी तिला दारात अडवलं.

“तपास चालू आहे. आतलं काही हलवायचं नाही.”

“त्या चादरी आहेत! आईंच्या खोलीत घालायच्यात रविवारी.”

“जागच्या जागी राहू दे.”

खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, हवेची नळी दाराखालून बाहेर काढली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. आता मुंगी आत जाणार नव्हती. चार तास कॉम्प्रेसर आत धडधडत होता आणि मी परसात पानं कापत होतो, म्हणजे पानांची लक्तरं करत होतो. टॉर्चची आणखी दोन तोंडं गेली. शेवटी कुलूप उघडून आत गेलो. आत हमामखान्यासारखं दमट, गरम होतं. टाकीची चावी उघडली आणि खाली भांडं धरलं.

तांब्याभर पाणी निघालं. बंद खोलीत, कुलपात, किल्ली माझ्या खिशात असताना तांब्याभर! आणि त्या पाण्याला वास येत होता. मी नाक जवळ नेलं. आमच्या धुण्याच्या साबणाचा वास होता तो.

बायको मागून आत आली, तिने चादरींना हात लावला आणि म्हणाली, “वा, वाळल्या की सगळ्या.”

मी तिच्याकडे असं काही बघितलं, की ती चादरी घेऊन निमूट निघून गेली.

रात्रीच्या जेवणाआधीच माझा निष्कर्ष तयार होता. दोघं मिळालेले आहेत. साबण घरातला, नळी शेजारची. हेतूही कळला: कठडा होऊ द्यायचा नाही, म्हणजे मला तयार कठडा आणावा लागेल आणि माझा पोपट होईल. पण यात आईचं काय? तिचा फोन रोज यायचा. “पानं झाली का रे?” मी रोज म्हणायचो, होतायत. त्या दिवशी तिने विचारलंच नाही, नुसतं म्हणाली, “नाही जमलं तर सांग, मी इथे बरी आहे.” ते ऐकून मला फार वाईट वाटलं. आणि जास्तच राग आला, त्या दोघांचा.

गुरुवारी सकाळी मी काकांना रीतसर बोलावलं. दारापुढच्या ओट्यावर टेबल मांडलं, त्यावर तीन बाटल्या ठेवल्या: सोमवारचं पाणी, मंगळवारचं, बुधवारचं. एका बाजूला काका, एका बाजूला बायको. मी उभा राहून मुद्देसूद वाचून दाखवलं, सीलपासून साबणापर्यंत. शेवटी मी म्हणालो, “आता स्वतःहून सांगितलंत तर प्रकरण इथेच मिटवू.”

बायको काकांकडे बघत होती. काका म्हणाले, “वहिनी, फ्रिजमधली गार पाण्याची एक बाटली आणता? झाकण घट्ट लावलेली.”

बायकोने बाटली आणून माझ्या बाटल्यांच्या रांगेत ठेवली.

“हिला तुमचं सील लावा,” काका म्हणाले.

मी लावलं, सहीसुद्धा केली. ओट्यावर सकाळचं दमट ऊन होतं. हळूहळू बाटली बाहेरून धुरकट झाली, मग थेंब धरले, मग एक थेंब घरंगळत खाली आला आणि माझी सही फिसकटवून टेबलावर पडला.

“हे पाणी कुणी ओतलं, साहेब?” काकांनी विचारलं.

मी बाटली उचलून खाली बघितलं. झाकण बघितलं. बाटली गळत नव्हती.

“हवेत पाणी असतंच,” काका म्हणाले. “तुमचा कॉम्प्रेसर ढीगभर हवा एवढ्याशा टाकीत कोंबतो. कोंबताना हवा तापते, टाकीत गार होते, आणि गार झाली की पाणी सोडते. परसात कपभर सोडत होती. तुम्ही तिला ओल्या चादरींबरोबर कुलपात घातलंत. चादरी वाळल्या, ते पाणी गेलं कुठे?”

बायकोने बुधवारची बाटली उचलून वास घेतला आणि पदर तोंडाला लावला. हसू लपवायलाच.

“तुम्हाला एवढं कसं माहीत?” मी विचारलं. खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या आवाजात थोडा संशय होताच.

“चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले. हवेतलं पाणी काढणं हाच धंदा.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“सांगायलाच आलो होतो. तुम्ही विचारलंत, बारा ते दोन कुठे होता.”

काका उठले, घरी गेले आणि जुन्या फ्रिजमधली तांब्याच्या नळीची वेटोळी घेऊन आले. कॉम्प्रेसर आम्ही दोघांनी उचलून परसातल्या सावलीत, मोकळ्या हवेत आणला. टाकीतून निघणारी हवा आधी त्या वेटोळ्यांतून न्यायची, आणि वेटोळी बादलीतल्या पाण्यात बुडलेली ठेवायची, म्हणजे हवा टॉर्चला पोचायच्या आतच गार होते. मग काचेच्या छोट्या भांड्याची गाळणी, तिथे पाणी खाली बसतं. शेवटी एका नळकांड्यात निळे दाणे, उरलासुरला ओलावा पिणारे. दाणे गुलाबी पडले की बदलायचे. आणि तासातासाने टाकीची चावी उघडायची.

सगळं जोडून झाल्यावर काका कुंपणाशी जाऊन उभे राहिले.

“आता बादली भरा,” ते म्हणाले. “गार पाणी घाला.”

“मी?”

“मग कोण? मी घातलं तर उद्या नोटीस येईल.”

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभी होती. तीन दिवस मी पाणी घालणाऱ्याचा माग काढत होतो, आणि आता त्या दोघांच्या डोळ्यांदेखत मीच बादलीत पाणी घातलं. काकांनी लगेच स्वतःच्या घड्याळात बघून वेळ मोठ्याने वाचली. “अकरा वाजून दहा मिनिटं. वहिनी, साक्षीला आहात ना?”

मग मी टॉर्च हातात घेतला. झोत एका सुरात निघाला, सुईसारखा. शनिवार संध्याकाळपर्यंत सगळी पानं कापून, घासून, वेल्डिंग करून कठडा उभा राहिला. पत्रा कमी पडला म्हणून सोमवारचं बकरीने खाल्लेलं पानही वापरावं लागलं. ते मी सगळ्यात वर, भिंतीच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा बेताने लावलं.

रविवारी आई आली. गाडीतून उतरली, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि कठड्याला हात घातला. पहिली पायरी. थांबली. दुसरी. मी तिच्या मागे हात पसरून उभा होतो. बायको चौकटीत होती, काका कुंपणाशी. आई एकटी चढत होती, आणि कठडा जरासुद्धा हलत नव्हता.

तिसऱ्या पायरीवर तिचा हात सरकत नेमका त्या पानावर गेला.

“इथे काय झालं रे?”

“टाकीत पाणी आलं होतं,” मी म्हणालो.

“कुणी घातलं?”

बायको चौकटीला टेकून ओठ दाबून उभी होती. काका कुंपणावरून पुढे वाकले.

“कुणी नाही,” मी खाली बघत म्हणालो. “आपोआप आलं.”

आई वळली. ऑपरेशननंतर इतक्या झटकन ती पहिल्यांदाच वळली असेल.

“आपोआप? मग बावीस वर्षं तू लोकांना काय लिहून देत होतास?”

“आई, पायरी बघ,” मी म्हणालो.

“पायऱ्या संपल्या,” आई म्हणाली आणि आत गेली.