भुकेला ओव्हन

भिंगरी झोपली आहे. ती उठेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं खरं. मधेच तुटलं तर तिचं नाव घ्या, माझं नको.

तिच्या पहिल्या वाढदिवसाचा केक घरीच होणार, असं मी भर अंगणात जाहीर केलं होतं. नणंद निकिता आर्णीहून फोनवर म्हणाली, "वहिनी, बेकरीतून घेऊन येतो मी. कायले जीवाले तरास?"

"तू फक्त पोट घेऊन ये," मी म्हणाले.

असली वाक्यं बोलायला फार गोड लागतात. निस्तरायला वेळ लागतो.

माझ्या या तोऱ्याला कारण होतं. भिंगरीच्या बाबांनी, म्हणजे कपिलनं, लोहाऱ्याच्या एका बंद पडलेल्या कँटीनमधून जुना गॅसचा ओव्हन आणला होता. काळा, जाडजूड, पुढं काचेचं दार. आमच्या बंजारा तांड्यातल्या स्वयंपाकघरात तो पहिल्या दिवाळीच्या जावयासारखा बसला. जागा सगळ्यात जास्त, काम शून्य.

पहिल्याच दिवशी बटण दाबलं तर नुसतं टक-टक-टक. बऱ्याच वेळानं ज्योत आली.

"पाइपात हवा असेल," मी म्हणाले. त्या आठवड्यात माझं बरोबर निघालेलं हे एकमेव वाक्य.

सासूबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. आम्ही त्यांना याडी म्हणतो, म्हणजे आई. आमच्या घरात माया गोरबोलीत चालते आणि दुरुस्त्या मराठीत. याडी चुलीला तूप-गुळाच्या लापशीचा पहिला घास दिल्याशिवाय कोणाला ताटावर बसू देत नाहीत. घास निखाऱ्यावर पडतो, तूप भडकतं, मग आम्ही जेवतो.

"रुसला असंन तो," याडी ओव्हनकडं बघत म्हणाल्या. "परक्या घरी आला ना."

मी हसले. शिकलेली सून हसते तसं.

दुसऱ्या दिवशी तो आणखी उशिरा पेटला. तिसऱ्या दिवशी त्याहून उशिरा. चौथ्या दिवशी टक-टक चालूच राहिली आणि एकदम भप्प! दार आपोआप उघडलं, माझ्या उजव्या भुवईचे थोडे केस गेले, आणि आमचं मांजर जे पळालं ते बहुतेक उमरखेडच्या एसटीत जाऊन बसलं.

आता कपिल मैदानात उतरला. त्यानं मोबाईलवर असंख्य व्हिडिओ पाहिले. "ठिणगीचा खटका म्हातारा झाला," असं निदान करून यवतमाळहून नवा आणला. मग रेग्युलेटर बदलला, मग नळी. मग गळती शोधायला सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. गळती निघाली नाही. पण त्या फेसानं भिंगरी इतकी खिदळली, की तिला पुन्हा हसवायला मी निरोगी नळीलाही दोनदा साबण लावला.

"अहो, याच्यातून गुळाचा वास येऊन राह्यला," मी म्हणाले.

"गॅसले वास असतेच."

"गुळाचा?"

कपिलनं विचार केला. "जुना माल आहे. कँटीनचा वास राह्यला असंन."

ओव्हनच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. मला वाटलं, त्यांनाही वाढदिवसाचं कळलं.

वाढदिवस उजाडला. दुपारीच मी केकचं पीठ भिजवून डब्यात ओतलं आणि बटण दाबलं. टक-टक-टक. ज्योत नाही. अंगणात बाया जमायला लागल्या. निकिताची एसटी आर्णीहून निघाल्याचा फोन आला. शेवटी मी सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली आणि ओव्हनच्या तळाचा फटीफटींचा पत्राच उचकटला.

खाली बर्नरची भोकं दिसायला हवी होती. दिसली ती लापशी. जळलेली, काळी, चिक्कीसारखी घट्ट बसलेली. ठिणगीजवळचं एकही भोक उघडं नव्हतं.

"याडी!"

"काय झालं व?"

"तुम्ही याच्यात लापशी टाकून राह्यल्या होत्या?"

"मंग? पहिल्या दिवशी लवकर पेटला नाही, म्हणून एक घास देला. दुसऱ्या दिवशी जास्तच रुसला, म्हणून दोन देले. काल तर वाटीभर तूप सोडलं. इतकी मनधरणी मी तुह्या सासऱ्याचीबी नाही केली."

ज्या ओव्हनचे आम्ही नुसते सुटे भाग बदलत होतो, त्याला घरात प्रेमानं जेवू घालणारं तेवढं एकच माणूस होतं. भिंगरीच्या झबल्याची सेफ्टी पिन काढली, डोकं आत घातलं आणि एकेक भोक कोरत बसले. कपिल टॉर्च धरून मला व्हिडिओतलं ज्ञान देत होता.

सगळं पुसून, पत्रा बसवून, बटण दाबलं. टक. फुप्प. निळी ज्योत, एका दमात!

"द्या केकचा डबा," मी विजयानं हात मागं केला.

डबा हातात आला. रिकामा.

"पीठ फसफसून राह्यलं होतं," याडी चुलीपाशून म्हणाल्या. "वाया गेलं असतं. धिरडे टाकले."

खरंच, पिवळीधमक, जाळीदार धिरडी एकावर एक रचलेली होती. आता नवं पीठ भिजवायला दूध नव्हतं, साखर नव्हती आणि वेळही नव्हता. तो ढीग मी गरम ओव्हनच्या डोक्यावर ठेवला, मेणबत्ती खोचली आणि भिंगरीला कडेवर घेतलं. तिनं मेणबत्ती सोडून सगळ्यात वरच्या धिरड्यावर झडप घातली.

तेवढ्यात निकिता आली. तिनं पेटलेला ओव्हन पाहिला, त्यावरचा ढीग पाहिला, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"वहिनी, मानलं तुले. ओव्हनची गोष्टच येगळी बापा. चुलीवर असं जमतच नाही."

मी याडींकडं पाहिलं. हातात पीठ माखलेलं उलथणं, कपाळाला राख. त्यांच्या तोंडातून एक शब्द निघाला असता तर माझा सगळा तोरा अंगणभर सांडला असता.

याडींनी उलथणं शांतपणे पाठीमागं लपवलं.

"ओव्हनले जमते," त्या म्हणाल्या. "फक्त रोज जेवू घालावं लागते त्याले."