बिननावाची गोदावरी

व्यंकोबाराव रायर नसते तर मी आज कुंभकोणममध्ये नसतो, आटपाडीला परत मेंढरांमागे असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांना थोडं बोलणार आहे.

रायर इथलेच, तंजावरकडचे जुने मराठी. दुकानोदुकानी कॉम्प्युटर बसवतात आणि बसवला की त्याचं बारसं करतात. पंख्याच्या जाळीला तोंड लावून नाव सांगतात. आमच्या सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात सोन्याचा कस छापणारा कॉम्प्युटर आहे, त्याची त्यांनी 'गोदावरी' केली.

दर सोमवारी सकाळी मी गोदावरी चालू केली की पडद्यावर यायचं, नाव लागलं नाही. बिननावाचीला प्रिंटर ओळखायचा नाही. गिऱ्हाईक चिठ्ठीसाठी खोळंबायचं.

शेठ म्हणाले, "नववीतनं पळालेला हात लावतोय, दुसरं काय होणार? पुढल्या सोमवारी बंद दिसली तर गावाकडच्या गाडीत बसवतो."

रायर नऊनंतर सावकाश यायचे. एकदा वायर बदलली, एकदा घड्याळाचा सेल. बंद करून चालू केली की गोदावरीला नाव लागायचं आणि रायर मिशीवरून हात फिरवायचे. तरी पुढचा सोमवार तसाच. मग त्यांनी दोष मला दिला.

"तंबी, तूं हीस 'ए' म्हणतोस. कशी उठेल?"

मी आठवडाभर 'गोदावरीबाई' म्हणत होतो.

शेठनी दिलेल्या मुदतीच्या सोमवारी मी त्यांना घरून लवकरच आणलं. चालू होतानाच्या सूचना वाचता वाचता ते थांबले.

"ही ओळ कोणीं घातली?"

"रायर, तुमच्याशिवाय कोणाला येतंय?"

राहुकाळाच्या अशुभ वेळेत नाव लावायचं नाही, असं त्यांनीच तिला शिकवलं होतं. आणि सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ, नेमका आमच्या दुकान उघडायच्या वेळेला.

"मग काढा की ती ओळ."

"आतां? राहुकाळांत?"

त्यांनी शांतपणे कॉफी मागवली. माझं लक्ष दाराकडे. रायर जाळीवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसत होते.

"गोदावरी आमच्या घरांतलीचं नांव," ते म्हणाले. "मुलें परदेशीं. आतां घरांत हाक मारायास कोणी नाही, तंबी."

तेवढ्यात शेठ आत आले. पडद्यावर 'नाव लागलं नाही' बघून माझ्याकडे वळले. रायर उठले. वायरीची, सेलची, माझ्या 'ए'ची चूक काढणारा माणूस शेठना म्हणाला, "पोरास बोलूं नका. अपराध माझा आहे."

राहुकाळ संपल्यावरच त्यांनी ओळ काढली. गोदावरी आता सोमवारीही नावानिशी उठते. रायरांना बोलवायचं काही कारणच उरलं नाही.

कधीतरी माझं दुकान होईल. तिथल्या कॉम्प्युटरचं बारसं रायरच करतील, आणि राहुकाळाची ओळ मी घालून घेईन. म्हणजे दर सोमवारी त्यांना हाक मारावीच लागेल.